इन्सुलिनवर असलेल्या मुलांना दुसरा कायमचा आजार जडला, तर तो ओळखावा कसा?

कपाशीचे_बोंड (४ जून)

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. माझ्या मुलीला नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह असल्याचे कळले आणि तेव्हापासून, म्हणजे गेली चार वर्षे, ती दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेत आहे. सुरुवातीचे वर्ष सोडले, तर सर्व सुरळीत चालले होते. मात्र संक्रांतीपासून तिची साखर वारंवार उतरू लागली. रात्री दोन वाजता तपासावे तर ५२, कधी ४८. डॉक्टरांना फोनवर विचारून मात्रा कमी करत गेलो आणि दिवसाच्या ३६ युनिटवरून आता २५ वर आलो आहोत, तरी साखर उतरतेच.

शाळेतल्या बाईंनी ती डबा पूर्ण खात नसावी असा निरोप पाठवला. मीही तिला फार रागावले, आणि त्याचे मला आज वाईट वाटते, कारण त्यानंतर मी स्वतः शेजारी बसून तिला जेवू घातले, तरी त्या रात्री साखर उतरलीच. तीन महिने लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन ८.२ च्या वर सरकत नाही. गेल्या पोळ्याला दाराच्या चौकटीवर केलेली खूण आणि आजची उंची यांत बोटभरही फरक नाही. माझ्या नणंदेचे म्हणणे असे की, इन्सुलिन कमी लागते आहे त्याअर्थी आजार हटत आहे, तेव्हा आता सुया बंद करून झाडपाल्याचे औषध सुरू करावे. मला तसे वाटत नाही, पण घरात त्यावरून रोज वाद होतो.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलांना दुसरेही कायमचे आजार होतात का, कोणते होतात आणि घरच्या माणसाने ते कशावरून ओळखावेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पळसफूल

ताई, बाकी सर्व नंतर. इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. मात्रा कमी लागणे आणि इन्सुलिन न लागणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या गावात एका मुलाचे इन्सुलिन असेच बंद केले गेले आणि चौथ्या दिवशी तो धाप लागलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या अवस्थेत तालुक्याला पोहोचला. तो वाचला, परंतु अतिदक्षता विभागातले ते दिवस त्याच्या आईला अजून आठवतात.

धामणगावकर

माझा मुलगा आता एकवीस वर्षांचा आहे आणि त्यातली बारा वर्षे इन्सुलिनवर गेली आहेत. दुसरा आजार शोधण्यापूर्वी तीन साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात, असे मी सुचवीन. पहिली गोष्ट सिरिंजची. आपल्याकडे ४० ताकदीची (एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट) बाटली मिळते तशी १०० ताकदीचीही मिळते. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज असते आणि १०० साठी नारिंगी टोपणाची. दुकानदाराने बाटली १०० ची दिली आणि सिरिंज घरातली लाल टोपणाचीच वापरली, तर मुलाला अडीच पट इन्सुलिन जाते. आमच्याकडे हे एकदा घडले आहे. दुसरी गोष्ट टोचण्याच्या जागेची. एकाच जागी वर्षानुवर्षे टोचले की तिथे मऊ गाठ तयार होते, गाठीतून इन्सुलिन धड शोषले जात नाही आणि म्हणून मात्रा वाढवावी लागते. मग कधीतरी चांगल्या जागी सुई पडली की तीच वाढवलेली मात्रा जास्त होते. तिसरी गोष्ट म्हणजे मुलगी मैदानावर किती खेळते आणि त्या दिवशी खाणे वाढवले जाते का.

कपाशीचे_बोंड

धामणगावकर काका, आपण सांगितले तसे आजच तपासले. बाटली ४० ची आहे आणि सिरिंजही लाल टोपणाचीच आहे. डाव्या मांडीवर लहानशी गाठ आहे, पण महिन्याभरापासून आम्ही तिथे टोचत नाही. खेळ तर जवळजवळ बंदच आहे, कारण ती लवकर थकते.

बालरोग_वऱ्हाड

मी बालरोगतज्ज्ञ आहे. रुग्णाला न पाहता निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणार नाही, परंतु ताईंनी लिहिलेल्या चार गोष्टी एकत्र ठेवल्या की त्यांच्या प्रश्नाचे महत्त्व लक्षात येते. इन्सुलिनची गरज घटणे, वारंवार साखर उतरणे, लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय आणि थांबलेली उंची या चारही गोष्टी एका मुलीत दिसत असतील, तर तिने डबा खाल्ला की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून तिला लवकर मोठ्या रुग्णालयात दाखवावे.

टाइप १ मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींनाच परक्या समजून नष्ट करते. ज्यांच्या शरीरात हा घोटाळा एका अवयवाबाबत झालेला असतो, त्यांच्यात तो दुसऱ्या अवयवाबाबत होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, कारण त्यामागची आनुवंशिक घडण बरीचशी सामाईक आहे. सर्वांत जास्त आढळतो तो गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा विकार. या मुलांपैकी सुमारे पाचांत एकाच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे त्या ग्रंथीवर हल्ला करणारी प्रथिने, सापडतात, मात्र प्रत्यक्ष आजार त्याहून बऱ्याच कमी मुलांना होतो. त्यानंतर सेलिॲक, म्हणजे गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होण्याचा आजार. त्वचेवरचे कोड, ब-१२ जीवनसत्त्व शोषले न गेल्याने होणारा रक्तक्षय आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा ॲडिसन आजार हे त्याहून विरळ. ॲडिसन शंभर मुलांत एकालाही नसेल, पण तो ओळखला गेला नाही तर जिवावर बेततो.

सेलिॲकमध्ये जेवलेले अन्न आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही, इन्सुलिन मात्र ठरल्याप्रमाणे आपले काम करते, आणि म्हणून मूल पोटभर जेवूनही साखर उतरते. लोहही शोषले जात नाही. जुलाब असतीलच असे नाही, कित्येक मुलांचे पोट अजिबात बिघडत नाही. थायरॉइडचे काम मंदावले तरी साखर उतरते आणि वाढ खुंटते. ॲडिसनमध्ये सकाळी साखर उतरणे, कातडी काळवंडणे, खारट खाण्याची ओढ आणि उठल्यावर चक्कर येणे ही लक्षणे दिसतात. मूत्रपिंड बिघडले तरी इन्सुलिन कमी लागते, त्यामुळे लघवीतील प्रथिनांची तपासणीही व्हावी.

नणंदबाईंच्या शंकेबद्दल थोडे लिहितो. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उरल्यासुरल्या बीटा पेशी थोडे काम करतात आणि इन्सुलिन कमी लागते, हे खरे आहे. मात्र तो काळ तात्पुरता असतो आणि चार वर्षांनी तो परत येत नाही.

सेलूची_सून

आमच्या मुलाला थायरॉइडचा विकार निघाला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. वर्गात पेंगतो, गृहपाठ करत नाही, आळशी झाला आहे, अशा तक्रारी वर्षभर ऐकल्या. त्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसे, मे महिन्यातही तो पांघरूण मागे, शौचाला तीन-तीन दिवस होत नसे. सासूबाई म्हणत, ‘पोट्टं शुगरच्या सुयांनी सुस्त झालं.’ वर्ध्याला नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी गळ्याला हात लावताच विचारले की थायरॉइडची शेवटची टीएसएच तपासणी केव्हा झाली, आणि आम्हांला ते नावही ठाऊक नव्हते. गोळी सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत मुलगा पूर्वीसारखा बोलू-धावू लागला. त्याचबरोबर इन्सुलिनची मात्राही वाढवावी लागली, हे मुद्दाम लिहिते, म्हणजे कोणी घाबरणार नाही.

गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते आणि त्यानंतर निदान अर्धा तास काही खायचे नसते. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर ठेवायला सांगितले आहे. इन्सुलिन, शाळेची बस आणि ही गोळी यांचे वेळापत्रक जुळवताना माझी फार ओढाताण झाली. शेवटी मी पहाटे साडेपाचला त्याला अर्धवट झोपेतच गोळी देऊ लागले, आणि तेच अंगवळणी पडले.

वैनगंगाकाठ

मी गडचिरोली जिल्ह्यातून लिहीत आहे. या धाग्यात सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आजाराचा, उल्लेख अजून झाला नाही, याचे मला नवल वाटते. तो डॉक्टरांनी सांगितलेल्या आजारांच्या कुळातला नाही. तो आईवडिलांकडून येतो, आणि आपल्या पूर्व विदर्भात तो घरोघरी परिचित आहे.

माझ्या नातवाला एसएस प्रकारचा, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही आलेला, सिकलसेल जन्मापासून आहे आणि टाइप १ मधुमेह चौदाव्या वर्षी झाला. तीन महिन्यांची साखर दाखवणारी जी एचबीए१सी तपासणी असते, तिचा आकडा त्याचा नेहमी ५.४ च्या आसपास येत असे. आम्ही समाधानी होतो, तपासणारेही त्याची पाठ थोपटत. घरच्या यंत्रावर मात्र २८०, ३१० असे आकडे दिसत आणि आम्ही यंत्रालाच दोष देत होतो. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले, ते माझ्या शब्दांत सांगतो. ही तपासणी तांबड्या पेशीला किती साखर चिकटली हे मोजते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेल रुग्णाची त्याच्या कितीतरी आधी फुटते, त्यामुळे तिला साखर चिकटायला पुरेसे दिवसच मिळत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. रक्त चढवले असेल तर आकडा दुसऱ्याच्याच रक्ताचा. तेव्हापासून आम्ही यंत्रावरचे आकडे वहीत उतरवतो आणि अधूनमधून नागपूरला फ्रुक्टोसामाइनची तपासणी करतो, जी मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवते.

हे दोन आजार एकमेकांना चिथावतात. साखर वाढली की लघवी जास्त होते, अंगातले पाणी घटते आणि पाणी घटले की सिकलसेलच्या पेशी वाकतात व सांधे-हाडे असह्य दुखू लागतात. दुखण्यात मूल जेवत नाही, मग घरचे लोक भीतीने इन्सुलिन टाळतात आणि साखर आणखी वाढते. आम्ही एका उन्हाळ्यात हे चक्र तीनदा पाहिले. आता त्याच्या दप्तरात पाण्याची दोन लिटरची बाटली असते आणि शाळेने त्याला वर्गातही पाणी पिण्याची व केव्हाही लघवीला जाण्याची मुभा दिली आहे.

प्रयोगशाळा_पुसद

आजोबा, आपण लिहिलेले फार मोलाचे आहे. मी रक्ततपासणीचे काम करतो, म्हणून थोडी भर घालतो. लोहाच्या कमतरतेत याच्या उलट घडते आणि एचबीए१सी खोटी वाढलेली दिसू शकते. म्हणजे कपाशीचे बोंड ताईंच्या मुलीचा आकडाही सध्या भरवशाचा नसेल. ज्यांना सिकलसेलची तपासणी केलेली नाही त्यांनी ती एकदा करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ती मोफत होते. नुसते वाहक असलेल्यांचा, म्हणजे दोघांपैकी एकाकडूनच दोष आलेल्यांचा, एचबीए१सी बहुतेक आधुनिक यंत्रांवर बरोबर येतो, पण काही पद्धतींत तो चुकतो, तेव्हा नमुना देताना वाहक असल्याचे सांगावे.

सातबारा

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे आणि कोणी राग मानू नये. एका मुलाला इन्सुलिन, सुया आणि पट्ट्या पुरवताना शेतकरी कुटुंबाचे कंबरडे मोडते. माझ्या पुतण्याचा खर्च भागवण्यासाठी भावाने दोन वर्षे कापसाचा चुकारा मिळाल्या दिवशीच औषधाच्या दुकानात दिला आहे. अशा माणसाला थायरॉइड तपासा, सेलिॲक तपासा, मूत्रपिंड तपासा, डोळे तपासा असे सांगितले की तो घाबरतो आणि पुढच्या वेळी दवाखान्यात येतच नाही. लक्षण दिसले तर तपासावे, नाहीतर मुलाला आणि आईबापांना सुखाने जगू द्यावे, असे माझे मत आहे.

परिचारिका_ग्रामीण

सातबारा भाऊ, खर्चाचे दुःख मी रोज पाहते, त्यामुळे आपले म्हणणे खोटे ठरवणार नाही. परंतु लक्षण दिसण्याची वाट पाहणे यांतल्या काही आजारांत महाग पडते. सेलूच्या सूनबाईंच्या मुलाची लक्षणे वर्षभर समोरच होती, ती आळस म्हणून खपली. मूत्रपिंडाची इजा तर सुरुवातीला कोणतेच लक्षण दाखवत नाही, ती केवळ लघवीच्या तपासणीत सापडते.

सर्व काही दर महिन्याला करायचे नसते. थायरॉइडची तपासणी निदानानंतर साखर स्थिरावली की एकदा आणि पुढे एक-दोन वर्षांनी. सेलिॲकची निदानाच्या वेळी, नंतर दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी. लघवीतील प्रथिने आणि डोळ्यांचा पडदा साधारण अकराव्या वर्षापासून, आजाराला काही वर्षे झाली असतील तर. रक्तदाब दरवर्षी, त्याला पैसे लागत नाहीत. लक्षणे दिसली तर अर्थात मधेच. टीएसएच सरकारी रुग्णालयातून होते का, हे आधी विचारावे आणि मगच खासगीत जावे. शाळेत आरोग्य तपासणीला येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढे पाठवू शकते, त्यांच्या हातात मुलाची वही द्यावी. आपल्या भागात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूर आणि यवतमाळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व नागपूरचे एम्स हे पर्याय आहेत. जाताना वही, यंत्र आणि रिकामी बाटली सोबत न्यावी.

सातबारा

तपासण्यांमधले हे अंतर मला कोणी सांगितलेच नव्हते. एवढेच असेल तर भावाला मी स्वतः घेऊन जाईन.

रानमोगरा

मी बावीस वर्षांची आहे आणि दहाव्या वर्षापासून इन्सुलिन घेते. सतराव्या वर्षी माझ्या हाताच्या बोटांवर आणि ओठाच्या कडेला कोड उठले. डॉक्टरांनी वर सांगितलेच आहे की तो त्याच कुळातला विकार आहे. तो संसर्गाने पसरत नाही, त्याने दुखत नाही, शरीराचे कोणतेही काम त्यामुळे अडत नाही. तरीही माझ्या घराने इतकी वर्षे लपवलेल्या मधुमेहापेक्षा या दोन पांढऱ्या डागांचे दुःख अधिक केले, कारण इन्सुलिन दाराआड घेता येते आणि डाग पंगतीत वाढताना दिसतात. माझी आई लग्नाकार्यात मला वाढायला उभी करत नाही.

एकोणिसाव्या वर्षी मी वर्षभर मनाने पूर्ण खचले होते. अन्नावर वासना नव्हती, झोप येत नव्हती, इन्सुलिन मी मुद्दाम चुकवत होते आणि साखर वाढली की सर्वांकडून ‘तू काळजी घेत नाहीस’ हेच ऐकत होते. नैराश्य हाही एक आजार आहे, तो आमच्यासारख्या मुलांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि त्यावर उपचार आहेत, हे मला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या खोलीबाहेर बाकावर बसल्यावर समजले. कपाशीचे बोंड ताई, तुम्ही रागावल्याबद्दल मुलीची माफी मागितली नसेल तर मागा. माझ्या आईने ती मागितली, तेव्हा आम्ही दोघी चुलीपाशी बसून खूप वेळ रडलो, आणि दुसऱ्या दिवशीपासून मी इन्सुलिन चुकवले नाही.

कपाशीचे_बोंड

रानमोगरा, तुमचा प्रतिसाद मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. माफी मागितली. यवतमाळची तारीख ठरली आहे.

आश्रमशाळा_अधीक्षक

मेळघाटातल्या एका वसतिगृहाचे काम पाहताना आलेला अनुभव सांगतो. आमच्याकडे इन्सुलिन घेणारा एक विद्यार्थी दिवाळीनंतर वाळत चालला होता. साखर ३०० च्या खाली येत नव्हती, म्हणून वजन साखरेमुळेच घटते आहे असे सर्वांनी धरले आणि मात्रा वाढवत नेली. त्याला तीन आठवडे खोकला होता, तो मात्र थंडीच्या खाती जमा झाला. थुंकी तपासल्यावर क्षयरोग निघाला. मधुमेहात क्षयाचा धोका वाढतो आणि क्षयाने साखर चढते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा रात्रीचा घाम असेल, तर इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची थुंकी लगेच तपासावी. क्षयाच्या एका गोळीने हातापायांच्या नसांना त्रास होऊ शकतो आणि मधुमेहातही तोच धोका असतो, म्हणून त्याला बी-६ जीवनसत्त्वाची गोळी जोडून दिली होती. क्षयरुग्णाला पोषणासाठी शासनाकडून मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० ऐवजी १००० रुपये झाली आहे, ती खात्यात जमा होते की नाही याकडे लक्ष ठेवावे. उपचार संपत आले तसे त्याचे इन्सुलिन पुन्हा कमी करावे लागले.

डोंगरपायथा

एक शंका विचारतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ पर्यंत जातो आणि वीज सहा-सहा तास नसते. उन्हाने इन्सुलिन बिघडल्यामुळे तर ताईंच्या घरी हा गोंधळ झाला नसेल?

धामणगावकर

बिघडलेल्या इन्सुलिनने साखर वाढते, उतरत नाही, त्यामुळे ताईंच्या बाबतीत ते कारण नसावे. तरी प्रश्न महत्त्वाचा आहे. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्यात, आणि फ्रिज नसेल तर आम्ही करत होतो तसे करावे. मोठ्या मातीच्या कुंडीत ओली रेती भरावी, तिच्यात लहान मडके बसवावे, बाटली डबीत घालून मडक्यात ठेवावी आणि वर ओले कापड टाकावे. सकाळ-संध्याकाळ रेती भिजवावी आणि कुंडी वारा लागेल अशा सावलीत ठेवावी. २ ते ८ अंश काही मिळत नाहीत, पण चालू बाटली महिनाभर टिकते. पावसाळ्यातल्या दमट हवेत मडके तेवढे गार होत नाही, हे लक्षात असू द्यावे.

निळी_परात

ॲडिसनबद्दल दोन ओळी लिहिते, कारण माझ्या मावसबहिणीला तो होता. ती कोरडे मीठ चाटत असे आणि तिच्या हिरड्या व तळहाताच्या रेषा काळसर झाल्या होत्या. मावशी म्हणत असे, ‘उन्हात निंदायला जाते म्हणून काळवंडली.’ एका जुलाबाच्या आजारात तिचा रक्तदाब एकाएकी कोसळला आणि तेव्हा निदान झाले. ती आज बरी आहे, रोज गोळी घेते, आणि ताप आला की गोळीची मात्रा वाढवायची असे लिहिलेला कागद तिच्या पर्समध्ये कायम असतो.

कपाशीचे_बोंड (३ जुलै)

सर्वांना कळवते. यवतमाळला सर्व तपासण्या झाल्या. टीएसएच योग्य आहे, सिकलसेल नाही, लघवी चांगली आहे. सेलिॲकसाठीची टीटीजी ही प्रतिपिंडांची रक्ततपासणी मात्र मर्यादेच्या सहापट आली आहे. आतड्याचा तुकडा तपासण्यासाठी दुर्बिणीची तारीख पुढच्या आठवड्यात नागपूरला मिळाली आहे. आम्ही दोघांनी घरी आल्याबरोबर गहू बंद करायचे ठरवले होते, पण तोपर्यंत गहू चालूच ठेवा असे डॉक्टरांनी बजावले. मुलीला त्रास होतो आहे हे माहीत असून तिच्या ताटात पोळी वाढताना हात अडखळतो. हे खरोखर आवश्यक आहे का?

बालरोग_वऱ्हाड

आवश्यक आहे. गहू बंद केला की आतड्याचे अस्तर सुधारू लागते, रक्तातील प्रतिपिंडेही घटतात, आणि मग आजार होता की नाही हे ठामपणे सांगता येत नाही. हा पथ्याचा आजार जन्मभराचा असल्याने निदान पक्के असलेले बरे. प्रतिपिंडे दहापटींहून अधिक असती, तर दुसऱ्या एका रक्ततपासणीच्या आधारे काही मुलांत दुर्बीण टाळता येते, पण सहापटीत ते योग्य नाही. तपासणी झाल्यावर मात्र पथ्य पूर्ण पाळावे. आतडे सुधारले की अन्न शोषले जाऊ लागते आणि इन्सुलिनची गरज पुन्हा वाढते, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने साखर जास्त वेळा तपासा.

अंबाडीची_भाजी

ताई, माझी मुलगी पाच वर्षांपासून या दोन्ही आजारांसह जगते आहे, म्हणून स्वयंपाकघरातले सांगते. आपली जुनी जेवणे या मुलांसाठीच असल्यासारखी आहेत. ज्वारीची भाकर, कण्या, आंबील, तांदूळ, भगर, नाचणी, मका, सर्व डाळी, झुणका, पाटोडी, गोळाभात, अंबाडीची भाजी, यांत कुठेही गहू नाही. गेले ते पोळी, रोडगे, पानगे, वरणफळे, शेवया, रव्याचा शिरा आणि बिस्किटे. पोळीच्या हिशेबाने ठरलेले इन्सुलिन भाकरीला जसेच्या तसे लागू पडत नाही, तेव्हा भाकरीचा आकार एकच ठेवा आणि दोन तासांनी साखर पाहा. भाताने साखर लवकर चढते, म्हणून आम्ही भात कमी आणि वरण जास्त ठेवतो.

गहू लपून येतो, तो जास्त त्रास देतो. बाजारच्या हिंगाच्या डबीत बहुधा मैदा मिसळलेला असतो. हे मला वर्षभर कळले नाही आणि मी पथ्याच्या वरणालाच रोज हिंगाची फोडणी देत होते. पुडाच्या वडीच्या आवरणात बेसनाबरोबर कणीक घालतात. पोळ्यांचा तवा, कणकेची परात आणि पोळपाट यांना वेगळे करा. महाप्रसादाच्या पंगतीत आम्ही डबा घेऊन जातो. पहिल्या वर्षी लोकांना ते शिष्टपणाचे वाटले, आता वाढणारी माणसेच तिच्यासाठी भात बाजूला काढून ठेवतात. आणि साखर उतरली तर बिस्किट देऊ नका, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

कपाशीचे_बोंड (१६ जुलै)

निदान पक्के झाले, सेलिॲकच आहे. नणंदबाई स्वतः नागपूरला सोबत आल्या होत्या. डॉक्टरांनी आतड्याचे चित्र काढून समजावल्यावर त्यांनी परत येताना गाडीत मुलीला विचारून विचारून भाकरीबरोबर तिला काय आवडेल याची यादी केली. आता अडचण ज्वारीची आहे. रेशनवर आमच्याकडे गहू-तांदूळ मिळतो. आमच्या शिवारात रानडुकरे आणि पाखरांमुळे ज्वारी पेरणे सर्वांनी सोडले आहे आणि जिकडे तिकडे सोयाबीन नाहीतर पऱ्हाटी आहे. यांनी यंदा विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात ज्वारी पेरली आहे आणि रात्री जागल करणार असे म्हणतात. तोपर्यंत विकत आणू. मोठा प्रश्न गिरणीचा आहे. गावात एकच गिरणी आहे आणि तिच्यावर दिवसभर गहू दळला जातो.

अंबाडीची_भाजी

गिरणीवर दळण अजिबात देऊ नका. आधीच्या दळणाचे शेर-अर्धा शेर पीठ पात्यात राहते आणि तेवढा गहू या मुलांना पुष्कळ होतो. आम्ही सुरुवातीला सकाळी पहिले दळण आमचे ठेवायला सांगितले होते, तरी मुलीची टीटीजी खाली येत नव्हती. शेवटी सासूबाईंचे गोठ्यात पडलेले जाते बाहेर काढले.

सेलूची_सून

जात्यावर गहू दळलेला असेल तर त्याला टाकी लावून घ्या, म्हणजे जुने पीठ धरून बसलेला वरचा थर निघून जातो. नंतर दोन वेळा थोडे तांदूळ दळून ते पीठ गुरांना घाला. टाकी लावणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत, पण आमच्या गावी एक आजोबा अजून हे काम करतात. ताई, तुमच्याकडे कोणी मिळाले नाही तर सांगा, मी त्यांना पुढच्या बाजाराच्या दिवशी विचारून ठेवते.

कपाशीचे_बोंड

जाते माहेरी आहे, भाऊ रविवारी बंडीत घालून आणतो आहे. आजोबांना नक्की विचारा.